शून्यापाशी काय होतं, ते आधी विचारा

मंडळी, विषय दिलाय ‘समप्रमाण आणि त्याचे आलेख’. एक राशी जितक्या पट होते तितक्याच पट दुसरीही झाली, की ते समप्रमाण. समोर बहुतेक शिक्षकच आहेत, तेव्हा त्रैराशिक, म्हणजे समप्रमाण धरून तीन संख्यांवरून चौथी काढायची रीत, खोलात सांगत बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की सातवी-आठवीत आपण त्रैराशिक मांडायला शिकवतो, पण ते कुठे मांडायचं नाही हे शिकवतच नाही.

एका शाळेत मी मागच्या बाकावर बसून तास ऐकत होतो. फळ्यावर गणित होतं: १०० युनिट विजेचं बिल ८०० रुपये, तर २५० युनिटांचं किती? सगळ्यांनी भराभर २००० काढले. एका मुलीने हात वर केला. “सर, मे महिन्यात आम्ही गावी जातो, घराला कुलूप असतं, तरी बिल येतंच की!” सर म्हणाले, “गणितात तसलं काही धरायचं नसतं.” ती खाली बसली आणि तिनेही २००० लिहिले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. अहो, त्या वर्गात समप्रमाण खरं कळलं होतं ते तिलाच! घरी बिल बघा, ‘स्थिर आकार’ अशी वेगळी ओळ असते. शिवाय घरगुती दर १०० युनिटांनंतर वाढतो. म्हणजे आलेख शून्यातून निघत नाही आणि १०० पाशी आणखी उभा होतो.

आता तुम्ही सांगा. भाऊ ४ वर्षांचा, ताई ८ वर्षांची. भाऊ १० वर्षांचा झाला की ताई केवढी? तिकडून कुणीतरी २० म्हणालं. (हशा) ताईला एवढ्यात मोठी करू नका, ती १४ वर्षांची!

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त त्रैराशिक सांगितलं आणि व्यस्त त्रैराशिक, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत घटते तिथलं, वेगळं सांगितलं. आधी नातं ओळखायचं, मग गुणाकार-भागाकार. आपल्याकडे धड्याच्या नावातच ‘समप्रमाण’ असतं. मग नातं कोण तपासणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तेव्हा आलेखाचं पटापट सांगतो. तक्त्यातल्या प्रत्येक जोडीत y ला x ने भागा. भागाकार कायम एकच आला, तर तो स्थिरांक k, आणि y = kx. बिंदू सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे जिथे x आणि y दोन्ही शून्य तिथून, जाते. दोन्ही हवं, नुसती सरळ रेषा पुरत नाही, ताई-भावाच्या वयांचीही सरळच येते. k मोठा तर रेषा जास्त उभी, पण दोन रेषांची तुलना अक्षांवर एकच मापप्रमाण (स्केल) घेऊन काढलेल्या आलेखात करा.

उदाहरण रिक्षाचं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत ठरलेलं भाडं: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. आलेख दीडपर्यंत आडवा, मग चढता. तो चढता भाग पट्टीने मागे वाढवायला लावा. रेषा जवळजवळ आरंभबिंदूलाच पोचते. म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढे त्रैराशिक जवळपास बरोबर चालतं, अलीकडे नाही.