क्लिनिकल प्रशिक्षण : मोजलेले तास आणि पाहिलेले तास

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट करायची म्हटलं की चर्चा अडते ती पीएच.डी. की साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) या प्रश्नावर. त्याचं उत्तर थोडक्यात देतो. १९४९ साली बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ संशोधकही असावा आणि उपचारकही. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं साय.डी. सुरू केली आणि प्रत्यक्ष व्यवसायावर भर देणाऱ्या या वाटेला १९७३ च्या व्हेल परिषदेनं दुजोरा दिला. व्यवसायाचा परवाना दोन्ही वाटांनी मिळतो. पीएच.डी.ची तुकडी लहान असते आणि बहुधा फीमाफी व विद्यावेतन असतं, साय.डी.चा खर्च बहुतेकांना स्वतः उचलावा लागतो. हा फरक लहान नाही, पण तो पैशाचा आहे. प्रशिक्षणाचा दर्जा जोखायचा तर विचारायला हवं, की विद्यार्थ्याचं काम प्रत्यक्ष कोण पाहतं आणि किती वेळा?

साधारण क्रम असा असतो : सुरुवातीला मनोविकारशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्रीय चाचण्या आणि नीतिनियम, मग विद्यापीठाच्याच क्लिनिकमध्ये पहिल्या केसेस, त्यानंतर रुग्णालयात, शाळेत किंवा समुपदेशन केंद्रात बाहेरचं प्रॅक्टिकम (देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचा सराव), आणि शेवटी पूर्ण वेळेची वर्षभराची इंटर्नशिप. प्रबंध याच काळात पुरा करायचा असतो.

चाचण्यांचं काम बाहेरून यांत्रिक वाटतं. चुका सर्वाधिक होतात त्या तिथेच. बुद्धिमापन चाचणीत अंकांची मालिका दर सेकंदाला एक अंक या गतीनं वाचायची असते. नवखा विद्यार्थी फोन नंबर सांगावा तसे दोन-दोन अंकांचे गट पाडतो. ऐकणाऱ्याला लक्षात ठेवणं सोपं जातं आणि गुण फुगतात. उत्तर बरोबर आलं की 'छान!' निघून जातं. प्रयत्नांचं कौतुक चालतं, पण उत्तर बरोबर की चूक याचा इशारा देणं चालत नाही. शब्दार्थाची उत्तरं जशीच्या तशी न लिहिता सारांश लिहिला, तर एक गुण द्यायचा की दोन हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही. जन्मतारीख वजा करताना महिना उसना घेण्यात गफलत झाली की वय चुकतं, चुकीच्या वयोगटाचा तक्ता उघडला जातो आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) १५ असलेल्या मापनात थोडे गुण इकडेतिकडे झाले, तरी एखाद्याचं निदान किंवा शाळेतली सवलत फिरू शकते. म्हणून चांगल्या क्लिनिकमध्ये प्रत्येक उत्तरपत्रिका दुसरी व्यक्ती नव्यानं तपासते. जिथे फक्त अंतिम अहवाल वाचला जातो, तिथे या चुका सापडत नाहीत. अहवाल तर गुळगुळीतच असतो.

उपचाराच्या सत्रांचंही तसंच. रुग्णाची लेखी संमती घेऊन सत्र रेकॉर्ड करायचं. ते कोण पाहणार, कुठे ठेवलं जाणार आणि कधी पुसलं जाणार हे संमतीपत्रातच सांगायचं. सुपरव्हिजनला, म्हणजे देखरेख करणाऱ्या मानसशास्त्रज्ञासोबत आपलं काम तपासायच्या बैठकीला, जाण्यापूर्वी विद्यार्थ्यानं पाच-दहा मिनिटांचा तुकडा निवडून ठेवायचा. साहजिकच तो आपला सर्वांत चांगला तुकडा निवडतो. निवडायला हवा तो अडलेला. तोंडी वृत्तांतात 'रुग्णानं विषय टाळला' असं ऐकू येतं. रेकॉर्डिंग लावलं की दिसतं, रुग्ण वडिलांच्या मृत्यूपर्यंत आला होता आणि विद्यार्थ्यानंच घाईनं झोपेच्या तक्रारीबद्दल विचारलं. विद्यार्थी खोटं बोलत नसतो. त्याला ते तसंच आठवत असतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेच्या निकषांत प्रॅक्टिकमच्या प्रत्येक मूल्यमापनाला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार लागतो, तो याचसाठी. इंटर्नशिपमध्ये आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन लागतं, त्यातले किमान दोन तास वैयक्तिक.

आत्महत्येच्या जोखमीची विचारपूस हा वेगळा सराव आहे. 'तसं काही मनात नाही ना?' हा प्रश्नच 'नाही' हे उत्तर मागतो. सरळ विचारायचं : जीव द्यावासा वाटतो का? कसा, हे ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? पूर्वी प्रयत्न केला होता का? विचारल्यामुळे ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. उत्तर काळजीचं असेल, तर रुग्ण इमारतीत असतानाच सुपरव्हायजरला बोलवायचं. तो त्या वेळी फोनवरही मिळत नसेल, तर दोष क्लिनिकच्या व्यवस्थेचा.

आता तासांची नोंद. इंटर्नशिपच्या अर्जात उपचाराचे आणि चाचण्यांचे समोरासमोरचे तास वेगळे, सुपरव्हिजनचे वेगळे मांडावे लागतात. आठ जणांचा गट दीड तास घेतला, तर ते दीड तासच, बारा नव्हेत. नोंद दर आठवड्याला करावी; शैक्षणिक सत्राच्या शेवटी आठवून भरलेली वही सुपरव्हायजरच्या सहीसाठी अडते.

इंटर्नशिपच्या जागा मॅच पद्धतीनं ठरतात. उमेदवार आणि केंद्रं दोघंही पसंतीक्रम देतात, संगणक जोड्या लावतो आणि निकाल दोघांवर बंधनकारक असतो. 'तिथे आपल्याला कोण घेणार' म्हणून आवडतं केंद्र खाली ढकलणारे बरेच असतात. त्यात फायदा काहीच नाही. वरचं केंद्र हुकलं म्हणून खालच्या केंद्रातली संधी कमी होत नाही. क्रम खऱ्या आवडीचाच द्यावा.

मान्यताप्राप्त प्रत्येक अभ्यासक्रमाला आपली आकडेवारी जाहीर करावी लागते : पदवीला लागलेली वर्षं, खर्च, गळती, इंटर्नशिप, परवाना. इंटर्नशिपच्या तक्त्यात 'जागा मिळाली' आणि 'मान्यताप्राप्त जागा मिळाली' या दोन ओळी वेगळ्या असतात. माहितीपत्रकात बहुधा पहिलीच छापतात. अर्ज करण्यापूर्वी दुसरी वाचा, तिच्याशेजारी गळतीचा आकडा ठेवा, आणि मुलाखतीत विचारा : मागच्या शैक्षणिक सत्रात एका विद्यार्थ्याची किती रेकॉर्डिंग्ज सुपरव्हायजरनं स्वतः पाहिली?