मायक्रॉनचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर उभं राहणाऱ्यांना मायक्रॉन काय, हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते, मिलिमीटरचा हजारावा भाग. माझे वडील तिथंच टर्नर होते. मायक्रोमीटर लावल्याशिवाय जॉब पुढं पाठवायचे नाहीत. मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात हत्यारं मांडून देते, आणि चष्मा घालवायच्या लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये मला तोच हिशेब दिसतो.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पापण्या उघड्या धरायला तारेचा स्पेक्युलम लावतात, मग सक्शनची रिंग बसते. तेव्हा काही सेकंद दिसायचं अंधारतं. आधी सांगून ठेवलं की पेशंट घाबरत नाही. पूर्वी या रिंगवरून मायक्रोकेराटोम फिरायचा, थरथरत्या पात्याचा, अगदी सुताराच्या रंध्यासारखा. आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेसर हे काम करतो. साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा सुटतो, तो बारीक स्पॅट्युलानं उलटायचा. खाली कॉर्नियाला नंबराप्रमाणे नवा आकार द्यायला एक्सायमर लेसर चालतो, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. एका ठोक्याला जेमतेम पाव मायक्रॉन काढतो आणि शेजारचा भाग भाजत नाही. हा गुण मद्रासला जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये अमेरिकेत ओळखला. शेवटी कॅन्युलानं, म्हणजे बारीक नळीनं, धुऊन पापुद्रा जागेवर बसवतात. टाका नाही.

पण मला सर्वांत मोलाचं वाटणारं यंत्र टेबलावर येतच नाही. ते जाडी मोजणारं पॅकीमीटर, आणि सोबत कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी. हिशेब करून बघा. जाडी ४९०, नंबर उणे नऊ. पापुद्र्याचे ११० गेले, दर नंबराला सुमारे १४ धरले तर आणखी १२६. उरले २५४. खाली निदान २५० तरी राहिलेच पाहिजेत, आणि बरेच डॉक्टर ३०० वर थांबतात. अशा डोळ्याला डॉक्टर नाही म्हणाले, तर त्यांनी तुमचा डोळा वाचवला असं समजा. फार पातळ झालेला कॉर्निया पुढं पुढं फुगत गेला, तर गेलेली जाडी कुठलंच यंत्र परत भरून देत नाही.

आणि मोजणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. सॉफ्ट असली तर निदान आठवडाभर, कडक असली तर त्याहून बरंच जास्त. लेन्सनं कॉर्नियाचा आकार दबतो, माप चुकतं. खानापूरहून पहाटेची बस धरून आलेल्या मुलीला एवढ्यासाठी परत पाठवताना जीव तुटतो, म्हणून आज हे रेडिओवरून सांगतेय.