वाढत्या अंगाची सायकल नको

श्रोतेहो, नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घरोघरी सायकलीचा विषय निघतो. आठ-दहा वर्षांच्या पोराला आता साधी सायकल चालत नाही. जाड टायरची, गिअरची, दुकानात जिला ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक म्हणतात तीच हवी असते. हट्ट काही वावगा नाही. आपल्याकडचे खड्डे आणि खडी बघता जाड टायर चांगलेच. प्रश्न आपल्या खिशाचा असतो. आठ हजारांपासून बारा-पंधरा हजारांपर्यंत काय घ्यावं, एवढंच आज बोलणार आहे.

पहिली गोष्ट, वय बघू नका, उंची बघा. पुन्हा सांगतो, वय नाही, उंची. पोर साधारण ११५ ते १३५ सेंटिमीटर असेल तर २० इंची चाक. १३५ ते १५० असेल तर २४ इंची. त्याच्या वर २६. पण हा आकडा चाकाचा झाला. एकाच चाकाच्या दोन सायकलींची वरची आडवी नळी वेगवेगळ्या उंचीवर असू शकते. म्हणून पोराला दुकानात सोबत न्या, सायकलीवर दोन्हीकडे पाय टाकून उभं करा. दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि नळी अंगापासून दोन-तीन बोटं खाली राहिली पाहिजे. वाढदिवसाला गुपचूप आणून चकित करायची हौस असेल, तर ती दुसऱ्या कुठल्या वस्तूवर भागवा. सायकल मापानेच घ्यायची.

आता साताऱ्यातल्या एका दुकानातली गोष्ट सांगतो. ही मी भेटेल त्याला सांगतो.

माझी भाची तेव्हा पाचवीत जाणार होती. अंगाने किरकोळ, पण पाय एका जागी न ठरणारे. ताई, दाजी, ती आणि मी असे सगळे गेलो. दाजींचं घरूनच ठरलं होतं. २६ इंची, पुढे शॉकअप, सीटखाली शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर, आणि एवढं सगळं साडेनऊ हजारांत. “वाढत्या अंगाची घेऊ, दहावीपर्यंत बघायला नको,” दाजी म्हणाले. सदरा ढगळ झाला तर बाही दुमडता येते, सायकलीची कुठली बाही दुमडणार?

दुकानातले मिस्त्री पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी वाद घातला नाही. दुकानातल्या पोराला पिटाळून शेजारच्या भंगारवाल्याकडून ताणकाटा मागवला. त्याचा हुक वरच्या नळीत अडकवला आणि पोराच्या मदतीने सायकल अधांतरी धरली. काटा १७ वर थांबला.

“१७ किलो. पोरीचं वजन किती?”

“२६,” ताई म्हणाली.

“आणि साहेब, तुमचं?”

“७८.”

मिस्त्रींनी ट्यूबच्या खोक्यावर पेन्सिलीने हिशोब मांडला. “तिला १७ म्हणजे तुम्हाला ५१. ५१ किलोची सायकल देतो तुम्हाला. यवतेश्वरचा घाट चढवून दाखवता?”

दाजी काही बोलले नाहीत. मग मिस्त्रींनी ती सायकल दुकानासमोर जमिनीवर आडवी ठेवली आणि भाचीला म्हणाले, “उभी कर बघू, बाळा.”

तिने हँडल धरून जोर लावला. पुढचं चाक गर्रकन वळलं, पायडल नडगीला लागलं आणि सायकल पुन्हा आडवी झाली. दुसऱ्यांदा तेच. दुकानातला पोरगा मदतीला सरसावला, तर मिस्त्रींनी त्याला हातानेच थांबवलं. “शाळेच्या रस्त्यात पडली तर तिथं कोण येणारे उचलायला?”

मग त्यांनी आतून एक २४ इंची काढली. पुढचा चिमटा साधा, शॉकअप नाही, साधे व्ही ब्रेक, म्हणजे चाकाची रिंग रबराने दाबणारे, मागे ७ गिअर. काट्यावर १३ किलो. आडवी ठेवली, आणि भाचीने एका दमात उभी केली! तिचा चेहरा असा काही फुलला की त्या दुसऱ्या सायकलीकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. “ब्रेक दाब,” म्हणाले. तिची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत जेमतेम पोचत होती, नुसती टोकं टेकत होती. मिस्त्रींनी दांडीच्या मुळाशी असलेला एक बारीकसा स्क्रू दोन-तीन आटे आत फिरवला. दांडी हँडलकडे सरकली. मग केबल ओढून घेतली, चाक फिरवलं आणि म्हणाले, “आता दोनच बोटं.” तिने दोन बोटांनी दाबलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. हा स्क्रू बऱ्याच सायकलींना असतो, पण तो कुणी दाखवत नाही. तुम्ही सांगून तो फिरवून घ्या. लहान हाताला ब्रेक पोचत नसेल तर तो डिस्क असला काय नि नसला काय, सारखंच.

दाजींनी २४ इंचीच घेतली. हेल्मेट, मडगार्ड, स्टँड आणि कुलूप धरून बिल त्यांच्या ठरलेल्या रकमेतच बसलं.

तर श्रोतेहो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाय टेकले पाहिजेत. आणि पडलेली सायकल पोराला एकट्याने उचलता आली पाहिजे.

शॉकअपचा मोह मात्र सुटत नाही, म्हणून थोडं त्याविषयी. स्वस्तातल्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते. ती वजन वाढवते, आणि चढावर पायडल मारताना पोराची काही ताकद वर-खाली होण्यात जाते. ज्यांनी ही डोंगरी सायकल जन्माला घातली, त्या कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९७० च्या दशकात माउंट टॅमलपायसच्या कच्च्या उतारांवर जाड टायरच्या जुन्या सायकली शॉकअपशिवायच पळवल्या. हवा थोडी कमी ठेवली तर जाड टायर बराचसा धक्का खातो. गिअर मागचे ६-७ पुरेत. व्ही ब्रेकचे रबर कोपऱ्यावरचा मिस्त्रीही बदलून देतो. पावसात रिंग ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, हे पोराला आधी शिकवा.

आणि एक गोष्ट मनात सलते. नव्या इमारतींत प्रत्येक मोटारीला पट्टे मारून जागा असते. पोरांच्या सायकली मात्र जिन्याखाली एकमेकींत अडकलेल्या. वरची काढायची तर खालच्या तीन पडतात. सोसायटीच्या सभेत कुणीतरी हा विषय काढा हो! एका मोटारीच्या जागेत किती सायकली मावतात, ते एकदा मोजून बघा. काही शाळांनी तर सायकल स्टँडच काढून टाकले, आणि मग फाटकाबाहेर रिक्षांची गर्दी झाली म्हणून तक्रार.

असो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल पक्कं घ्या आणि त्यावर कर किती लावलाय ते वाचा. खोक्यातून घरपोच येणारी सायकल घेतलीत, तर जोडणी मिस्त्रीकडूनच करून घ्या. महिनाभराने केबल सैल पडतात, चाकाच्या तारा ढिल्या होतात, तेव्हा एकदा दाखवून आणा.

पोर वाढेल तशी सीट वर करत जा. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. रेघ दिसायला लागली की सीट आणखी ओढू नका. नळी वाकते, कधी मोडतेही. रेघ दिसली म्हणजे त्या सायकलीचं या पोरापुरतं काम झालं. धाकट्याला द्या, नाहीतर विका. आणि पोराला घेऊन पुढच्या मापाची बघायला जा.

नमस्कार.