लाल थार आणि मंदीचा हिशोब

[दृश्य: पुणे-नाशिक रस्ता. पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या जुन्या गाड्या.]

मार्च २०२१. चाकणच्या पुढे, रस्त्याला लागून असलेला जुन्या गाड्यांचा एक तळ. पंधरा-वीस गाड्या, आणि प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगात रंगवलेलं मॉडेलचं साल. कोपऱ्यात महिंद्राची एक लाल थार उभी आहे. तिच्या काचेवर मात्र काहीच लिहिलेलं नाही.

"हिला लिहायची गरजच पडत नाही दादा," एजंट म्हणाला. "सकाळपासून तुम्ही तिसरे."

गाडी चार महिन्यांची, सात हजार किलोमीटर चाललेली. मालकाचा भाव ऐकून मी दोनदा विचारलं. शोरूममध्ये ऑन-रोड जेवढे भरले तेवढे सगळे, आणि वर टायर-बंपरचे ४० हजार. पाच-दहा हजार तरी सोडा म्हटलं, तर मालकाने फोनवर नुसतं "बघा बुवा" म्हणून विषय संपवला.

घरून निघताना आमचा हिशोब अगदी सरळ होता. देशात मंदी आहे, पगार कापले गेलेत, धंदे बसलेत. अशा वेळी माणूस आधी काय विकणार? हौसेची गाडी. म्हणजे जुन्या फोर बाय फोरचे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचे, भाव पडलेले असणार. मग तळावर आल्यावर हे उलटं कसं दिसत होतं?

[दृश्य: २०२० मधले रिकामे रस्ते, बंद शोरूमची शटरं.]

मंदी खोटी नव्हती. महामारीच्या आधीच गाड्यांचा बाजार मंदावला होता. २०१९-२० या आर्थिक वर्षात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आधीच्या वर्षापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी घटली. मग टाळेबंदी आली. एप्रिल २०२० मध्ये मारुतीसारख्या कंपनीची देशातली विक्री शून्य होती. अख्ख्या महिन्यात एकही गाडी नाही. त्या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसलं.

आणि नेमक्या याच वर्षी, १५ ऑगस्टला, नवी थार लोकांपुढे आली. पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा लिलाव झाला तो १ कोटी ११ लाखांना. पैसे मदतकार्यासाठी होते, पण बोली लावणाऱ्यांचा उत्साह पाहून बाजाराला काय कळायचं ते कळलं. २ ऑक्टोबरला किंमत जाहीर झाली, ९ लाख ८० हजारांपासून पुढे. पहिल्या चार दिवसांत ९ हजार बुकिंग, महिन्याभरात २० हजार.

ही गाडी बनते नाशिकला. तेव्हा कारखान्याची क्षमता महिन्याला सुमारे २ हजार थारची होती. ती जानेवारीपर्यंत ३ हजारांवर न्यायचं कंपनीने जाहीर केलं. आता भागाकार करा. २० हजार भागिले २ हजार, म्हणजे दहा महिने. त्यात २०२१ मध्ये जगभर गाड्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपची टंचाई सुरू झाली.

चाकणच्या तळावरची ती लाल गाडी जुनी होती हे खरं. पण तिच्यासोबत एक गोष्ट फुकट मिळत होती, ती म्हणजे न थांबता मिळालेले दहा महिने. मालक त्याचेच पैसे लावत होता.

[दृश्य: शोरूममधला किंमतपत्रकाचा कागद, क्लोजअप.]

नवीन गाडीची किंमत म्हणजे छापलेला कागद. कंपनी ती सहसा खाली आणत नाही. एकदा आणली की कालचा गिऱ्हाईक दारात येऊन भांडतो. म्हणून कागद तसाच ठेवून आजूबाजूचं बदलतात. विक्री मंद असली की एक्स्चेंज बोनस, फुकटचा विमा, ॲक्सेसरीजचं पाकीट. मागणी जोरात असली की वेटिंग. थारच्या बाबतीत सगळ्यांत स्वस्त व्हेरिएंट काही आठवड्यांतच यादीतून गायब झाली आणि सुरुवातीची किंमत झाली ११ लाख ९० हजार. कंपनीने भाव वाढवला असं म्हणता येईना. जिन्याची खालची पायरीच काढून घेतली होती.

जुन्या गाडीचं तसं नाही. तिचा भाव रोज सकाळी नव्याने ठरतो. कधी एजंटच्या फोनवर, कधी चहाच्या टपरीवर. नवीन गाडीचा कागद जे सांगत नाही, ते जुनीचा भाव सांगून टाकतो.

मग मंदीत विकायला काढलेल्या गाड्या गेल्या कुठे? त्या फारशा आल्याच नाहीत. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत द्यायला बँकांना मुभा दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला तशी बँकेची माणसं गाडी ओढायला आली नाहीत. बस-लोकलच्या भीतीने ज्याची गाडी होती तो ती सोडेना. आणि नवीनच विकल्या न गेल्यामुळे एक्स्चेंजमध्ये येणाऱ्या जुन्या गाड्याही आटल्या.

[दृश्य: अमेरिकेतला पेट्रोल पंप, २००८. दराची पाटी.]

याच्या बरोब्बर उलटं चित्र अमेरिकेने २००८ मध्ये पाहिलं. तिथेही मंदीच होती. पण त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं, आणि गॅलनला पंधरा मैल जाणाऱ्या धिप्पाड एसयूव्ही अंगणात हत्ती बांधल्यासारख्या झाल्या. काही डीलर एक्स्चेंजमध्येही त्या घेईनात.

खरा फटका बसला कंपन्यांना. तिथे बरेच लोक गाडी लीजवर घेतात. तीन वर्षांनी ती परत येईल तेव्हा किती किमतीची असेल, हा अंदाज बांधून महिन्याचं भाडं ठरतं. अंदाज चुकला की खड्डा कंपनीच्या खिशाला. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीत फोर्डच्या वित्त कंपनीला या एकाच कारणाने २.१ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले. क्रायस्लरच्या वित्त कंपनीने १ ऑगस्टपासून लीज देणंच बंद केलं. हमर हा ब्रँड जनरल मोटर्सने विकायला काढला, गिऱ्हाईक टिकलं नाही, आणि २०१० मध्ये तो मिटला. पुढे तेच नाव विजेवरच्या गाडीला लागलं, तो वेगळा विनोद.

पण पुढचं फार कमी लोकांच्या लक्षात आहे. त्याच वर्षाच्या शेवटी पेट्रोल २ डॉलरच्या खाली आलं. घाऊक लिलावातले जुन्या गाड्यांचे भाव डिसेंबर २००८ मध्ये तळाला टेकले, आणि २००९ मध्ये, बेकारी वाढत असताना, चढत राहिले. कारण पुन्हा तेच. २००७ मध्ये तिथे १ कोटी ६१ लाख नवीन गाड्या खपल्या होत्या, २००९ मध्ये १ कोटी ४ लाख. आज न विकली गेलेली नवीन गाडी ही तीन वर्षांनी बाजारात न आलेली जुनी गाडी असते. त्यात सरकारने 'जुनी द्या, नवी घ्या' योजना काढून पावणेसात लाखांहून अधिक गाड्या मोडीत घातल्या. इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते कायमचं जाम करायचे. मोडीत गेलेल्यांत फोर्ड एक्सप्लोरर सगळ्यांत पुढे. चालती इंजिनं अशी मारताना पाहणं कुठल्याही मिस्त्रीला सोसवणार नाही.

आपल्याकडे इंधनाचा तो नियम लागू का पडला नाही? मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोल शंभरीपार गेलं, ऑक्टोबरमध्ये डिझेलही. थारची वेटिंग तशीच. माझं मत असं, की अमेरिकेत ती एसयूव्ही रोज कामावर न्यायची गाडी होती. इथे फोर बाय फोर ही बहुतेकांची घरातली दुसरी गाडी. रविवारी मुळशीला जाऊन येणारा माणूस लिटरचा हिशोब कमीच करतो.

[दृश्य: गॅरेज. खड्ड्यात उतरलेला मिस्त्री, हातात बॅटरी.]

पण जुन्या फोर बाय फोरची एक किंमत तळावर कोणी सांगत नाही. ती गाडीखाली गेल्यावर दिसते.

आमच्यासोबत आलेले मिस्त्रीमामा इंजिनाकडे वळलेच नाहीत. आधी त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. टोकाला चिखलाची पुसट रेघ. "इथवर पाणी आलं होतं," ते म्हणाले. गाडी धुणारा सीट धुतो, मॅट धुतो, बेल्टचं टोक कोणी धूत नाही. मग पुढची सीट मागे सरकवून रुळांवरून बोट फिरवलं. लालसर भुकटी. पुढे ते खाली उतरले. चॅसिसला ताजा काळा रंग मारलेला. "चार महिन्यांच्या गाडीला रंग कशाला लागतो?" नखाने खरवडलं तर खाली गंजाचे फोड. गाडी कोकणात समुद्राच्या वाळूवर खेळवलेली होती. मिठाचं पाणी पत्र्याच्या जोडांमध्ये जाऊन बसतं, ते पाइपने धुऊन जात नाही.

डिफरेन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा, बोल्ट सैल करून त्यांनी थेंबभर तेल बोटावर घेतलं. दुधाच्या चहाचा रंग. म्हणजे तेलात पाणी. शेवटी मोकळ्या मातीवर गाडी नेऊन लो रेंज, म्हणजे चढ-चिखलासाठीचा जास्त जोराचा गिअर, टाकला, पुढे-मागे घेतली. गिअर पडायला कुरकुरला.

ज्या गाडीसाठी शोरूमपेक्षा जास्त मोजायचे, तिचं पोट असं निघालं. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "नको असेल तर राहू द्या." आठवड्यात ती तळावरून गेलेली होती.

[दृश्य: जुन्या जीप, लाकडी फळीवर ठेवलेले पाटे.]

मग जुनीच जीप घ्यावी? महिंद्राची एमएम ५४०, मेजर, लष्कराच्या लिलावातली मारुतीची जिप्सी? १९८५ साली आलेली जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद झाली, तेव्हापासून धड कागदांच्या जिप्सीचा भाव खाली यायला तयार नाही. जीपमध्ये गाडीपेक्षा कागद महाग पडतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं स्पष्ट केलं, आणि हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी नखशिखांत नव्याने बांधलेल्या जीपच्या पासिंगचा प्रश्न उभा राहिला. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५ हजार झाली.

बँकेचं गणित आणखी वेगळं. समजा ८ लाख कर्ज घ्यायचंय. नवीन गाडीला ९ टक्क्यांनी सात वर्षं मिळाली, तर हप्ता सुमारे १२,९०० रुपये. जुन्या गाडीला १४ टक्के आणि चार वर्षं, तर सुमारे २१,९००. एकूण व्याज जुनीचं थोडं कमीच भरतं, पण ज्याचा पगार हातात जेमतेम पुरतो तो एकूण व्याज बघत नाही, पाच तारखेला काय कापलं जाणार ते बघतो. म्हणून मंदीत, जुनी परवडणारा माणूसही नवीनच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

[दृश्य: शोरूम, २०२३.]

ही रांग कायमची नव्हती. जून २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी, तीही फोर बाय फोर, १२ लाख ७४ हजारांपासून आली. डिसेंबरमध्ये तिची मर्यादित आवृत्ती १० लाख ७४ हजारांपासून मिळू लागली. मंदी नाही, काही नाही, आणि सहा महिन्यांत २ लाखांचा फरक. जूनमध्ये घेतलेल्यांच्या गाडीची किंमत त्यांना न विचारता शोरूमनेच ठरवून टाकली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली, आणि लहान मुलं असलेल्या घरांना तीन दारांच्या थारची मागची सीट एकदम अडचणीची वाटू लागली. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. फोर बाय फोर डिझेल थार नवीनच लाखभराने उतरली. नवीन लाखाने उतरली की जुनीलाही तेवढं उतरावंच लागतं.

[दृश्य: फोनचा पडदा. अनोळखी नंबर.]

त्या दिवाळीत एक फोन आला. आवाज ओळखीचा वाटेना. मग त्यांनी लाल थारचं नाव काढलं. तळावरून ती गेली खरी, पण विकली गेली नव्हती. भाव अजून चढेल म्हणून मालकाने स्वतःच परत नेली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्याच दारात होती. माझा नंबर एजंटच्या जुन्या वहीत सापडला म्हणाले.

मी विचारलं, "कितीला द्यायची?"

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"तुम्हीच सांगा बुवा."