आधी सावली, मग टेबल

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात, एका लहानशा गावात, मी एक अख्खा उन्हाळा काढलाय. एका शेतघराच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकीण पंचाहत्तरीच्या. गावातले सगळे त्यांना मादाम म्हणत, मीही तेच म्हणायचे. पहिल्याच रविवारी त्यांची लेक, जावई, नातवंडं जेवायला येणार होती. मादामनी खालून हाक मारली, "टेबल मांडू लागतेस का?" मी मोठ्या हौसेनं थेट ताटल्यांच्या कपाटापाशी गेले. मादाम मात्र अंगणात, कमरेवर हात ठेवून, झाडाकडे बघत उभ्या. एक वाजता सावली कुठे असेल, कॉफीच्या वेळेपर्यंत कुठवर सरकेल, याचा हिशेब चालला होता. मग आम्ही दोघींनी ते वजनदार लाकडी टेबल उचलून चांगलं हातभर पूर्वेकडे सरकवलं. ताटल्या त्यानंतर पाऊण तासानं आल्या.

फ्रेंच पद्धतीनं सजवलेलं उन्हाळी टेबल म्हटलं की मासिकातलं एक ठरलेलं चित्र डोळ्यासमोर येतं. लव्हेंडरची जुडी, पांढऱ्या मेणबत्त्या, मुद्दाम रंग उडवलेल्या खुर्च्या. दिसायला छानच असतं ते. पण मी जिथे राहिले तिथे सजावटीची सुरुवात उन्हाशी व्हायची. जुलैत तिथला पारा सहज पस्तिशीच्या वर जातो, आणि दिवस मावळायला रात्रीचे सव्वानऊ वाजून जातात. एवढं मोठं ऊन घराबाहेर कसं ठेवायचं, हा पहिला प्रश्न. बाकी फुलंबिलं नंतर.

त्यांचं अंगणातलं झाड होतं प्लाटानचं. काश्मीरच्या चिनाराचा भाऊबंद. दक्षिण फ्रान्समधल्या चौकांत, रस्त्यांच्या दुतर्फा, शाळांच्या पटांगणात हेच झाड दिसतं, कारण त्याची सावली दाट, आणि थंडीत पानं गळली की ऊन अंगणात मोकळं. ज्यांच्याकडे झाड नाही ते द्राक्षाचा नाहीतर विस्टेरियाचा वेल मांडवावर चढवतात. घराची बांधणीही तशीच. जुन्या शेतघरांची पाठ उत्तरेकडे असते, आणि त्या बाजूला खिडक्या अगदी कमी, कारण तिकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो. तो सुटला की दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही.

खिडक्यांना लाकडी झडपा. करड्या-निळ्या रंगाच्या, पर्यटक ज्यांचे फोटो काढतात त्याच. सकाळी दहा-अकराला मादाम घरभर फिरून त्या एकेक करून ओढून घ्यायच्या, आणि रात्री हवा गार झाली की सताड उघडायच्या. दुपारी घरात काळोख. पहिले दोन दिवस मला ते उदास वाटलं, तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःहून झडप ओढली. स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी मण्यांच्या माळांचा पडदा होता. वारा आत, माश्या बाहेर. जाता-येता त्याचा खुळखुळ आवाज व्हायचा, आणि कोण आलं हे मादामना पाठमोऱ्या असतानाही कळायचं.

आता टेबलक्लॉथ. इथे जरा थांबते, कारण यात आपलं काहीतरी आहे.

मादामनी कपाटातून एक पिवळा टेबलक्लॉथ काढला. पिकलेल्या मोहरीसारखा पिवळा. त्यावर चारी बाजूंनी लाल-निळी किनार, आणि मध्ये ओळीनं ठसे. मी तो पसरायला घेतला आणि हात थांबला. सगळीकडे कोयऱ्या होत्या! पैठणीच्या काठावर असते ना, तशी, मान वाकडी केलेली कोयरी. प्रोव्हान्समध्ये आंब्याचं झाड नाही. मी विचारलं, हे काय? मादाम म्हणाल्या, "हे आमचं जुनं प्रोव्हान्साल कापड. याला आम्ही अँदियेन म्हणतो." अँदियेन म्हणजे सरळच, 'भारतीय'.

सतराव्या शतकात आपल्याकडची छिटं, म्हणजे सुरतेच्या आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगवलेल्या, छापलेल्या सुती कापडाच्या गाठी, मार्सेय बंदरात उतरायच्या. तोवर युरोपात सुती कापडावर असा रंग कुणाला जमत नव्हता. धुतलं की रंग गेला. आपला रंग मात्र धुण्यानं जात नव्हता आणि उन्हानंही. १६४८ मध्ये मार्सेयमध्ये पत्ते छापणाऱ्या एका कारागिरानं अशी छिटं स्थानिक पातळीवर छापायला सुरुवात केली. मागणी इतकी वाढली की फ्रान्सच्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचं धाबं दणाणलं. १६८६ साली सरकारनं फर्मानच काढलं. परदेशी छिटं आणायची नाहीत, देशात छापायचीही नाहीत. ही बंदी १७५९ पर्यंत टिकली. त्र्याहत्तर वर्षं! आणि बंदीत जे होतं तेच झालं. कापड चोरून येत राहिलं, हौशी बायका ते नेसत राहिल्या. आविन्यों शहर तेव्हा फ्रान्सच्या राजाचं नव्हतं, पोपच्या ताब्यात होतं. तिथे फर्मान लागू नव्हतं, म्हणून तिथे छपाई बराच काळ बिनघोर चालू राहिली.

कृती काय, हे मात्र फ्रेंचांना नीट उमगत नव्हतं. दक्षिण भारतात राहणारे कर्दू नावाचे एक फ्रेंच पाद्री होते. त्यांनी १७४२ साली इथल्या कापड रंगवणाऱ्यांकडून विचारून विचारून ती पत्रात लिहून पाठवली. कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात बुडवायचं, वाळवायचं, जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी द्यायचं, मग लाल मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी लागली असेल तिथेच रंग धरतो, बाकीचा धुऊन निघतो. हिरडा, तुरटी, म्हशीचं दूध. आपल्या आजीच्या फडताळातलं सामान! बंदी उठल्यावर ओबरकाम्फ नावाच्या माणसानं १७६० मध्ये वर्सायजवळच्या जुई गावात छपाईचा कारखाना काढला. एकाच रंगात मेंढपाळ, झोपाळे, झाडं छापलेलं जे कापड 'त्वाल द जुई' म्हणून आजही पडद्यांसाठी, उशांसाठी महागामोलानं विकलं जातं, ते याच गावाचं नाव लावतं. मला ते फारसं आवडत नाही. भिंतभर मेंढपाळ बघत कोण बसणार? पण प्रोव्हान्सचं छोट्या ठशांचं कापड, ते मात्र माझ्या जिवाचं.

तर हा टेबलक्लॉथ पसरला. चारी कोपऱ्यांना मादामनी चिमट्यांनी लहान लहान वजनं अडकवली. लिंबाच्या आकाराची, चिनी मातीची. मिस्त्रालसाठी. आपल्याकडे गच्चीवर जेवण मांडताना आपण ताटाखाली दाबत बसतो तसं तिथे करावं लागत नाही. गच्चीवर जेवणारांनी ही युक्ती जरूर उचलावी. पडद्याच्या रिंगा किंवा जुन्या किल्ल्या चिमट्याला बांधल्या तरी काम होतं.

मग ताटल्या. एकसारख्या दोन नव्हत्या. काही सासूच्या, काही रविवारच्या जुन्या बाजारातल्या, एकीचा कपचा उडालेला. लील-स्युर-ला-सोर्ग नावाच्या गावात दर रविवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. मादामना तिथे हिंडायचं वेड होतं. नियम एकच पाळायच्या: रंग दोनच, पांढरा आणि पिवळा. त्यामुळे विजोड असून सगळं एका घरचं वाटायचं.

काटे मात्र मी चुकीचे ठेवले. टोकं वर करून. मादामनी एकेक उचलून पालथा घातला. फ्रान्समध्ये काट्याची टोकं टेबलाकडे असतात. पूर्वी घराण्याची मुद्रा काट्याच्या पाठीवर कोरलेली असायची, ती पाहुण्याला दिसावी म्हणून, असं सांगतात. सुरी उजवीकडे, धार ताटलीकडे. आणि पाव? पावाला ताटली नाही. तो सरळ टेबलक्लॉथवर, डाव्या हाताला. मला कसंसंच झालं. त्यात मी पाव पालथा ठेवला, तर जावयांनी बोलता बोलता तो उलटा करून ठेवला. पालथा पाव अपशकुनी. जुन्या काळी पाववाला फाशी देणाऱ्याच्या वाट्याचा पाव पालथा ठेवायचा, अशी समजूत.

हे सगळं बघून मीही त्यांना सांगितलं की आमच्याकडे पान वाढतानाही असंच असतं. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि उजवं-डावं चुकलं की आजी ओरडते. मादामना हे फार पटलं. "म्हणजे तुमच्याकडेही काटा पालथा असतो," म्हणाल्या. आमच्याकडे काटाच नसतो हे सांगायचं मी टाळलं. २०१० मध्ये युनेस्कोनं फ्रेंच लोकांच्या प्रसंगविशेषी जेवणाला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पदार्थांबरोबर टेबल मांडण्याचाही उल्लेख आहे. मादामना त्याचं कौतुक नव्हतं. जेवण रोजचंच आहे, म्हणायच्या.

पाण्याचे पेले होते जाड काचेचे, शाळेच्या खानावळीत असतात ते. त्यांच्या बुडाशी एक आकडा कोरलेला असतो. नातवंडं बसल्या बसल्या पेले उलटे करून ओरडायला लागली, "मी बारा!" "मी सत्तेचाळीस!" जो आकडा येईल ते तुझं वय. फ्रान्समधली प्रत्येक पिढी हा खेळ खेळलीय, जावईसुद्धा हळूच बघत होते. मला एकोणतीस आला, मी खूश.

नॅपकिन कापडी, जाड लिननचे, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं फुल्या-फुल्यांच्या टाक्यात दोन अक्षरं. मादामच्या आईच्या रुखवतातले! तिकडेही मुलीच्या लग्नात चादरी, नॅपकिन, टॉवेल नाव घालून द्यायची रीत होती. लिननचं जवस फ्रान्समध्ये, विशेषतः उत्तरेला नॉर्मंडीच्या बाजूला, जगात सगळ्यात जास्त पिकतं. हे कापड जितकं धुवाल तितकं मऊ होतं, आणि इस्त्री नसली तरी चालतं. प्रत्येक नॅपकिनला एक कडं. कुणाचं लाकडी, कुणाचं चांदीचं, माझ्यासाठी मादामनी दोरीचं एक करून ठेवलं होतं. नॅपकिन रोज धुवायचा नाही, कड्यात गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला. कडं बघून आपला ओळखायचा. माझं नाव असलेली वस्तू त्या घरात तीच पहिली.

फुलं? हो, होती. अंगणातल्या रोझमेरीच्या चार काड्या आणि लव्हेंडर, मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी टेबलाच्या मधोमध नाही, एका कडेला. "समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे." वाससुद्धा बेताचाच, जेवणाच्या वासावर चढणारा नको. तुम्ही घरी करणार असाल तर मोगऱ्याचा गजरा टेबलावर ठेवू नका असं मी म्हणेन. पाण्याच्या तांब्याशेजारी, दूर, खिडकीत ठेवा.

निघताना मादामनी मला तोच पिवळा टेबलक्लॉथ दिला, आणि ऑलिव्हच्या तेलाच्या मार्सेय साबणाची एक ठोकळ वडी. त्यावर '७२ टक्के' असा शिक्का. पुण्याला आल्यावर मेमध्ये आमरसाचा बेत केला, बाल्कनीत चिकाचे पडदे सोडले, आणि मोठ्या तोऱ्यात तो पसरला. भाच्यानं बटाट्याची भाजी वाढून घेताना पळीच सोडली. कोयरीवर हळदीचा भला मोठा डाग. मी धावत जाऊन तो मार्सेयचा साबण चोळला, आणि डाग लालभडक झाला! काळजाचं पाणी झालं. आईनं बाहेर येऊन एकदा बघितलं आणि म्हणाली, "अगं, हळदीला साबण लागला की कुंकूच होतं. कुंकू कशाचं करतात मग? नीट धू, आणि उन्हात टाक. हळद उन्हाला टिकत नाही."

दोन दिवस गच्चीच्या दोरीवर, भर उन्हात. पहिल्या संध्याकाळी डाग फिका पिवळा होता, दुसऱ्या संध्याकाळी शोधावा लागला. कोयरीचा लाल तसाच होता. आई तो कोपरा बोटांनी चाचपत उभी राहिली आणि मग विचारलं, "तिकडे तुरटी कुठे मिळते गं त्यांना?"

नमस्कार.