अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आल्यावर

(परळमधल्या एका महिला मंडळात नवजात शिशू विभागातल्या परिचारिकेनं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे बाळ घरी येण्याआधीच आज्या मालिशवाल्या बाईंशी बोलणी करून ठेवतात. त्यांची सकाळची वेळ मिळणं म्हणजे गणपतीत कोकणातल्या गाडीचं तिकीट मिळण्यासारखं. पूर्ण दिवसांच्या, तीन किलोच्या बाळाचं यात फारसं अडत नाही. पण बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, पावणेदोन किलोचं होऊन घरी आलेलं बाळ असेल, तर बाईंना सांगा, थोडं थांबा. तेलाआधी या बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीची गरज आहे, आणि तीही तासन् तास.

पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळाच्या मानेपाशी, खांद्यांच्या मध्ये एक खास चरबी साठते. तान्ह्या बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही, ते ही चरबी जाळून ऊब आणतं. आपलं बाळ ती पुरेशी साठायच्या आतच बाहेर आलं. त्यात कातडी पातळ. अशा बाळाला उघडं करून तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं आणि पंख्याखाली पुसायचं, म्हणजे प्यायलेलं दूध वजनात न जाता ऊब राखण्यात खर्च होतं. मुंबईत कुठली आली थंडी, असं म्हणू नका. आपल्याला घाम फुटतो त्याच खोलीत ओलं बाळ गार पडतं.

छातीशी धरण्याच्या या पद्धतीला आपण कांगारू केअर म्हणतो. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडत होत्या, गर्दीतून संसर्ग पसरत होता. डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर दिली. पुष्कळ वर्षं लोक याला गरिबांचा उपाय समजत. आमच्यातलेही समजत! पुढे भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं, आणि त्यांची तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीवर. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, दिवसाचे ८ ते २४ तास हे करा.

आठ तास! एका बाळंतिणीनं? तिला दूध काढायचंय, झोपायचंय, टाके दुखतायत. दहा बाय बाराच्या खोलीत सासरे, दीर, भेटायला येणारे शेजारी, आणि ती ब्लाउजची बटणं काढून बसणार कुठे? खरी अडचण ही आहे. दोरीवर चादर टाकून एक कोपरा तिचा करा. पाहुण्यांना महिनाभर फोनवरच भेटू द्या. आणि तास वाटून घ्या. बाबांनी लोकलमधून आल्यावर आंघोळ करावी, शर्ट काढावा आणि बाळ घ्यावं. आजी, मावशी, आत्या कुणीही चालेल. खोकला-ताप नको, अंगावर पुरळ नको, विडी-सिगारेट नको. एका वेळी निदान तासभर तरी धरा, पाच मिनिटांत खाली ठेवू नका.

बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. तोंड दिसत राहिलं पाहिजे. वरून जुनं मऊ सुती लुगडं गुंडाळा. डोळा लागला तर उशांना टेकून, अर्धवट बसूनच. बाळ बांधलेलं असताना गॅसपाशी मात्र उभं राहायचं नाही.

आता मालिश. मी तिच्या विरोधात नाही. आपल्या शीवच्या टिळक रुग्णालयात, जिथे १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी निघाली, तिथल्याच डॉक्टरांच्या २००५ साली छापलेल्या अभ्यासात खोबरेलानं मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खनिज तेलवाल्यांपेक्षा वेगानं वाढलेलं दिसलं. म्हणजे आजीची खोबरेलाची बाटली बरोबरच होती. मोहरीचं तेल नको, त्यानं कातडीचं आवरण बिघडतं. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि घरातल्याच हातांनी. चार घरं करून आलेल्या हातांबरोबर चार घरांचे जंतू येतात. बांगड्या-अंगठ्या काढून हात धुवा. दूध पाजून पाऊण तास होऊ द्या, पंखा बंद करा. एक पाय उघडा, बाकी अंग झाकलेलं. गुदगुल्या होतील इतका हलका हात नको आणि रगडणंही नको. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. बाळाचा रंग बदलला, बोटं ताठ फाकली, उचक्या लागल्या, की थांबा.

नाक वर काढणं, पाय धरून उलटं करणं, बाळाची छाती पिळून दूध काढणं, नाका-कानात तेल, डाळीचं पीठ, धुरी: यातलं काहीही नको. नाकात घातलेलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

अंग ऊबदार असूनही बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला साठच्या वर श्वास चालत असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तळवे पिवळे दिसत असतील किंवा छातीवर तासभर ठेवूनही पाय गारच असतील, तर रात्र काढू नका, निघा. निघतानाही बाळ छातीवरच.

किती दिवस करायचं, असं सगळ्याच विचारतात. अडीच किलोच्या आसपास बाळ स्वतःच हातपाय मारून लुगड्यातून बाहेर यायला बघतं. तेव्हा सोडा. आणि हो, चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोखाली जन्मलेलं असेल, तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो. फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर आहे का, ते आज घरी गेल्यावर बघा.