चामडी तुमची, हाडं आमची

(पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लहान मुलं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या वक्त्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी माझी ही डाव्या हाताची करंगळी पाहून घ्या. मागं बसलेल्यांना दिसणार नाही, पण ती सरळ होत नाही. चौथीत गुरुजींनी बेशरमाचा ओला फोक हाणला, मी हात ओढला आणि सांधा निखळला. हाडवैद्यानं बसवला, तो असा बसला. दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेले. मला वाटलं, आता भांडण होते. बाबांनी हात जोडले. म्हणाले, "गुरुजी, चामडी तुमची, हाडं आमची. हाडाले तेवढं सांभाळा."

बाबांना सहीसुद्धा येत नव्हती, पण रेघ त्यांनी बरीच बरोबर ओढली होती. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला, की ती गंभीर दुखापत. पंधरा दिवस लेकराला रोजचं काही करता आलं नाही, तरी तेच. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाप असो, मामा असो, नाहीतर वसतिगृहाचा अधीक्षक, "त्याच्या भल्यासाठीच मारलं" हे तिथं ऐकून घेत नाहीत.

भानगड आहे ती चामडीची. बाबांनी ती देऊन टाकली होती. कायदा तशी देत नाही, पण एक खिडकी उघडी ठेवतो. कलम २७, जुन्या आयपीसीतलं ८९. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकानं किंवा ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं सद्भावनेनं काही केलं, तर तो गुन्हा नाही. इंग्रजांच्या वेळचं कलम आहे, शब्द जवळपास तेच. आपल्याकडे समज उलटा: पोट्टं मोठं झालं की जास्त हाणावं लागते. बारा पूर्ण झाले की ही खिडकी बंद. चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीवर वळ उठवले, तर ती सरळ दुखापत.

आणि सद्भावना म्हणजे काय? मनात प्रेम होतं, असं नाही. संहिता म्हणते, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची नाही. एक आजी माझ्याकडे दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. गाव सांगत नाही. मायबाप वीटभट्टीवर, पोरगा काकाकडे. काकानं मोटरसायकलच्या क्लचवायरनं मारलं होतं. पोरगा सदरा काढू देईना, कापड पाठीला चिकटलं होतं. कोमट पाणी लावून लावून आजीनं तो सोडवला. चोरी वीस रुपयांची, तीही काकाच्या खर्ऱ्याच्या पैशातून. काका म्हणे, "सुधरावा म्हणून मारलं जी." मी विचारलं, किती वेळ मारलं? तो सहज बोलून गेला, "राग उतरला तोवर."

झालं. मोजमाप पोराच्या चुकीचं नव्हतं, काकाच्या रागाचं होतं. ही काळजी नव्हे, हे लक्षही नव्हे.

अशा वेळी बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ लागतं. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील असं मारलं, हाल केले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड, किंवा दोन्ही. मुलं सांभाळायला घेतलेल्या संस्थेचा माणूस असेल, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. उलथनं, चिमटा तापवून चटका देणाऱ्यांसाठी संहितेचं कलम ११८ वेगळं आहे.

शाळेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं प्रश्नच उरला नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. कलम १७: मारायचं नाही, मानसिक छळही करायचा नाही. माझी करंगळी त्याच्या आधीची!

घरासाठी मात्र इतकं स्पष्ट वाक्य आपल्याकडे अजून नाही. स्वीडननं ते १९७९ सालीच लिहिलं, शेजारच्या नेपाळनं २०१८ मध्ये. परवा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तुम्ही बैलाचा खांदा शेकला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. त्या बैलाला टोचायची अणकुचीदार काठी १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी मना केली आहे. बैलाचं लिहून झालं, घरातल्या लेकराचं राहिलं. वकील म्हणून मला याची लाज वाटते.

मघाशी एका मायनं विचारलं, पाठीत एक धपाटा घातला तर जेल होते का? नाही, माय. ज्याची शहाणा माणूस तक्रारच करणार नाही, अशा किरकोळ इजेला कायदा गुन्हा म्हणत नाही. दुसरी भीती, फोन केला की लेकरू उचलून नेतात. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं त्याच २०१५ च्या कायद्यात आहे. मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८, रात्रंदिवस, फुकट. शेजाऱ्यानंही करावा. त्या आजीला तो ठाऊक नव्हता, म्हणून ती बस बदलत माझ्यापर्यंत आली.

उरलेलं बाहेर बोलू. पोट्टे लाकडी बैल घेऊन कधीचे दारात उभे आहेत, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे द्यायचे आहेत.